मोठ्या बाईंची चादर

बटण गेली ती सकाळी, इस्त्री तापायच्या आत.

पुढे लाँड्रीचं दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या आणि त्यामागे कपडे वाळत घालायचं अंगण, असा नवरा-बायकोचा संसार. नवऱ्याला सगळे इस्त्रीवाले म्हणत आणि तिला वहिनी. लेक लग्न होऊन सासरी गेली त्या वर्षी हे कुत्र्याचं पिल्लू दारात आलं आणि आल्या दिवशी गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण गिळून बसलं. दोन दिवसांनी बटण सुखरूप बाहेर पडलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

आज पहिली खेप भिजत घालून वहिनीने हाक मारली, तर इस्त्रीच्या टेबलाखाली हालचाल नाही. ती वाकली. बटण रोजच्यासारखीच पडली होती, फक्त नाक गार होतं.

तिने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावून रडत रडत सांगितलं.

"वहिनी, रडा, पण हात चालू ठेवा," डॉक्टर म्हणाले. "आधी छातीवर हात ठेवून पाच मिनिटं थांबा. खात्री झाली ना? मग पाय हळूच पोटाशी घ्या, ती झोपायची तसे. थोड्या वेळाने अंग ताठ होईल, मग जमणार नाही. खाली जुना टॉवेल घाला, पाणी सुटेल, त्याला घाबरू नका. सावलीत, गार फरशीवर ठेवा. अंगणात पुरणार असाल तर खड्डा कंबरभर खोल घ्या. आणि प्लास्टिक अजिबात नको. सुती कापडात गुंडाळा."

वहिनीने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. ओल्या फडक्याने तोंड पुसलं, कानामागे पुसलं, पाय दुमडून घेतले. मग डोळ्यांना धार लागलेली असतानाच मागे हात करून फळीवरची एक मऊ, निळ्या काठाची चादर ओढली, तिच्यात बटणला नीट गुंडाळलं आणि कडेने टाके घातले. मोठे मोठे, पण सरळ. हात कामात होते तोवर बरं होतं. दोरा तोडला आणि ती तिथेच फरशीवर बसून राहिली.

खड्डा खणून इस्त्रीवाले आत आले, हात धुतले आणि सवयीने शुक्रवारचे गठ्ठे लावू लागले. लावता लावता थांबले.

"अगं, मोठ्या बाईंच्या गठ्ठ्यात एकच चादर कशी?"

"दोन आहेत. मीच ठेवल्यात."

"एकच आहे. तू हिला कशात गुंडाळलंस?"

"आपल्या जुन्या निळ्या काठाच्या चादरीत."

"आपली निळ्या काठाची तू गेल्या वर्षीच फाडून तिची फडकी केलीस."

वहिनीने बटणच्या गाठोड्याचा कोपरा उलटून पाहिला. तिथे लाल दोऱ्याच्या दोन फुल्या होत्या. गिऱ्हाइकाच्या कपड्यावर खूण घालायचं काम तिचंच, आणि ही मोठ्या बाईंची खूण होती.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. कॉलर मळकी दिसली तर मुलाला दारातून घरी पाठवणाऱ्या. एकदा उशीच्या खोळीवर एक चुणी राहिली, तर ती घेऊन अर्धा तास दुकानात उभ्या होत्या.

"सव्वीस वर्षांत या दुकानातून रुमालसुद्धा हरवला नाही," इस्त्रीवाले कपाळ धरून म्हणाले.

"हरवलीय कुठे? इथेच तर आहे."

"थट्टा सुचतेय तुला! उसव ते टाके. हिला आपली दुसरी चादर घालू. ही उकळून धुऊ, कडक इस्त्री मारू. कुणाला कळायचं नाही."

"मला कळेल ना." वहिनीचा आवाज कधी चढत नसे, आताही चढला नाही. "गेलेल्या जिवाभोवतीची चादर न सांगता कुणाच्या अंथरुणावर घालायची? तसलं पाप नको. आणि तिचं अंग आता आखडलंय हो. तिला पुन्हा उलटीपालटी करायची? एकदा निजवलंय, निजू द्या."

"आणि बाई म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता काढून द्या, तर?"

वहिनीने टाक्यांवरून बोट फिरवलं. गिऱ्हाइकाची वस्तू ती. मागितली तर टाके उसवावे लागणार होते, आणि तेही तिच्याच हातांनी.

दहाच्या ठोक्याला मोठ्या बाई आल्या. हातात पिशवी, पिशवीत पुढच्या आठवड्याच्या दोन चादरी. इस्त्रीवाल्यांना एकाएकी फार काम निघालं. ते पाठ करून इस्त्री फिरवू लागले.

वहिनीने पदराला हात पुसले आणि काही न लपवता सगळं सांगितलं. "चूक माझी आहे, बाई. तुम्ही म्हणाल ते करीन."

बाई आजवर कधी बसल्या नव्हत्या त्या स्टुलावर बसल्या.

"त्रास झाला तिला?"

"नाही. झोपेतच गेली."

"हं." त्या टेबलाखालच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इस्त्रीवाले, ती इस्त्री खाली ठेवा. केव्हाची हवेवर फिरवताय."

इस्त्री खाली आली.

"वहिनी, नऊ वर्षं माझ्या चादरी धुताय. कधी डाग दिसला एखादा?"

वहिनीने आठवून पाहिलं. डाग काय, साधी चुरगळलेलीही आठवेना.

"एकट्या बाईच्या आठवड्याला दोन-दोन चादरी मळतात होय? धुतलेल्याच आणते मी."

"अगं बाई!"

"शाळा सुटली आणि माझी वाट बघणारं कुणी उरलं नाही. ही मात्र शुक्रवारी तुमच्या पायरीवर येऊन बसायची. मी कोपऱ्यावर दिसले की तिथूनच शेपटी सुरू. आता नुसतं कुत्रीला भेटायला आलेय, असं कोणत्या तोंडाने सांगू? जन्मभर लोकांच्या पोरांना शिस्त लावली मी."

"म्हणजे आम्ही नऊ वर्षं धुतलेल्याच चादरी धुतोय?" इस्त्रीवाल्यांचा आ वासला.

"आणि चांगल्या धुताय. म्हणून तर जरा जास्त वेळ थांबायचं तर चुणी शोधावी लागायची." बाईंनी चष्मा काढून पुसला. तो धुरकट नव्हता. "चादर राहू द्या तिच्या अंगावर. माझं काहीतरी तिच्याबरोबर जातंय, हे बरंच झालं. मला बघू द्या तिला."

मागच्या खोलीत त्या गाठोड्याशेजारी गुडघे टेकून बसल्या, पाठीवरून हात फिरवावा तसा कापडावरून हात फिरवला. "टाके सरळ आलेत," म्हणाल्या. मग अंगणात जाऊन खड्ड्यात डोकावल्या. "हा कंबरभर? कुणाच्या कंबरेइतका? माझ्या की चिमणीच्या?" इस्त्रीवाल्यांनी निमूटपणे पुन्हा फावडं उचललं.

तिघांनी मिळून बटणला खाली ठेवलं. माती लोटताना वहिनीला सकाळभराची धास्ती गेल्याचं जाणवलं. रडू होतंच, पण आत काहीतरी भरून आलं होतं. आपल्या पायरीवर बसून या मुक्या जिवाने आणखी एक घर सांभाळलं होतं, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. "फार केलंस गं आमच्यासाठी," ती पुटपुटली.

निघताना बाईंनी पिशवी उचलली. वहिनीने त्यांचा हात धरला. "पुढच्या शुक्रवारी या हं. चादरींशिवाय."

"रिकाम्या हाताने? लोक काय म्हणतील?"

"मग निदान मळक्या तरी आणा!" आतून इस्त्रीवाले ओरडले, आणि मोठ्या बाई हसल्या. त्यांना हसताना त्या दुकानाने पहिल्यांदाच पाहिलं.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावून वहिनी रोजच्यासारखी हात जोडून बसली. मागायला काही आठवेना. ती नुसतीच बसून राहिली, आणि बराच वेळ उठली नाही.