रुसोके सरांचं मत

युगांडातल्या फोर्ट पोर्टलच्या विद्यापीठात एआय कुणी, कुठे, किती वापरायचं याचे नियम ठरवायला पाच जणांची समिती नेमली, आणि तिचं अध्यक्षपद भाषाशास्त्राच्या डॉ. काबाहेंडाच्या गळ्यात पडलं. दोन बैठका झाल्या, चहा झाला, शेंगदाणे झाले. समिती होती तिथेच राहिली.

अडून बसले होते ते इतिहासाचे प्रोफेसर रुसोके. त्यांना सरसकट बंदी हवी होती. विद्यार्थी असो की शिक्षक, जो यंत्राकडून काम करून घेईल त्याच्यावर कारवाई. दोघं त्यांच्या बाजूचे होते. संगणक विभागाचा तरुण सदस्य मात्र ‘मग पावसावरही बंदी घाला’ असं पुटपुटला होता. काबाहेंडाचं म्हणणं, वापरा, पण सांगून वापरा. पण रुसोके तिचे शिक्षक. भर बैठकीत त्यांना विरोध करणं तिच्या जिवावर येत होतं. म्हणून तिसऱ्या बैठकीआधी एका दुपारी ती त्यांच्या घरी गेली.

दार उघडंच होतं. आतून एका बाईचा आवाज येत होता. कात्वेच्या मिठाच्या व्यापारावरचा निबंध कुणीतरी एकसुरात वाचत होतं. सरांची मुलगी आली असेल असं तिला वाटलं. आत पाहते तर सर एकटेच. फोन थर्मासला टेकवून ठेवलेला, चष्मा घडी करून बाजूला. ती समोर जाऊन उभी राहिली तरी त्यांनी विचारलं, “कोण आहे?”

“मी आहे, अराली.”

टोरो लोकांत प्रत्येकाला नावाखेरीज असं एक लाडाचं नाव असतं, आणि वडीलधाऱ्यांनाही त्याच नावानं हाक मारतात; सरांचं अराली, तिचं आकीकी. आवाजावरून सरांनी तिला ओळखलं. “ये, आकीकी. बस.”

काचबिंदू होता. डावा डोळा गेलेला, उजव्यानं फक्त उजेड कळायचा. वर्षभर ते फोनकडून निबंध वाचून घेत होते, शेरे बोलून लिहून घेत होते. निवृत्तीला अजून दोन वर्षं होती. कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. बैठकीत समोरासमोर बसूनही आपल्या लक्षात आलं नाही, याची काबाहेंडाला लाज वाटली.

“तुमचा नियम झाला तर पहिले तुम्हीच सापडाल,” ती म्हणाली.

“माहीत आहे. म्हणूनच मांडलाय.”

मग त्यांनी सांगितलं. मागच्या सत्रात कोबुसिंगे नावाच्या मुलीच्या निबंधातल्या एका वाक्याचं त्यांनी कौतुक केलं होतं. ती येऊन म्हणाली, सर, हे वाक्य मी लिहिलेलंच नाही. त्यांनी तिलाच निबंध वाचायला लावला, तेव्हा उलगडा झाला. ते ॲप वाचता वाचता मजकूर सुधारत होतं. अडखळणारी वाक्यं गाळून, जोडून, गुळगुळीत करून ऐकवत होतं.

“नको ती पोरं पास झाली, त्याचं मला एवढं नाही,” रुसोके म्हणाले. “पण ज्यांनी वेडंवाकडं का होईना, स्वतःचं काही लिहिलं, त्यांचं मी ऐकलंच नाही.”

“मग आज पुन्हा तेच?”

“दुसरं काय करू? दिसत नाही म्हणून सांगू? दुसऱ्या दिवशी घरी बसवतील.”

हे समितीत सांगा, असं ती म्हणाली. तू सांगणार का, एवढंच त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली, आणि निघाली.

तिसऱ्या बैठकीत तिनं आपला प्रस्ताव मांडला. एआय वापरणाऱ्यानं तसं सांगावं, आणि सुरुवात शिक्षकांनी वर्गात उभं राहून करावी. दोन मतं बाजूनं, दोन विरोधात. सगळे रुसोकेंकडे पाहू लागले. मग दुसऱ्या कुणाची तरी हकिगत सांगावी तसं त्यांनी डोळ्यांचं, फोनचं, त्या वाक्याचं, सगळं सांगितलं.

“बंदी असती तर हे मी कधीच सांगितलं नसतं,” ते शेवटी म्हणाले आणि काबाहेंडाच्या बाजूनं मत दिलं.

त्यांना घरी बसवलं नाही, पण तीनपैकी दोन वर्ग काढून घेतले. उरलेल्या वर्गात मुलं आपापले निबंध स्वतःच मोठ्यानं वाचून दाखवू लागली. काम फार रेंगाळायचं, मुलं कुरकुरायची. एखादा स्वतःच्याच शब्दांपाशी अडला की सर फक्त “पुन्हा वाच” म्हणायचे. वर्ष संपल्यावर ते मुदतीआधीच निवृत्त झाले.

नियम लागू झाला, तरी विद्यापीठातली बहुतेक मुलं ‘वापरलं नाही’ असंच सांगत होती. त्यातलं खरं किती, ते काबाहेंडाला कळायला मार्ग नव्हता. उघड सांगणारे शिक्षक सबंध विद्यापीठात चार निघाले. नियमाचा उपयोग झाला का, असं कुलगुरूंनी विचारलं, तेव्हा अजून सांगता येत नाही, असं उत्तर देऊन ती पुढच्या तासाला गेली.