जावईबापूंचा निबंध

माझ्या जावयाला लॅडर आवडत नाही. मशीनचा प्रोग्राम लॅडरमध्ये लिहिणं म्हणजे त्याला बालवाडीतली चित्रकला वाटते. तोंडाने तो तसं कधी म्हणाला नाही, चांगल्या घरातला आहे, पण चेहरा बोलतो. त्याला सगळं टेक्स्टमध्ये हवं. अमुक झालं तर तमुक कर, नाहीतर ढमुक कर. पानंच्या पानं! मी त्याला 'जावईबापूंचा निबंध' म्हणायचो आणि आमचे फिटर पोट धरून हसायचे.

मी या बाटल्यांच्या कारखान्यात तीस वर्षं इलेक्ट्रिशियन आहे. लॅडर म्हणजे स्क्रीनवर दोन उभ्या रेघा आणि मधे पायऱ्या. करंट पोचला तिथवर पायरी हिरवी, हिरवं संपलं तिथला सेन्सर मेलेला. लाइन बंद पडलेली असताना निबंध कोण वाचत बसणार?

पण साहेबांना नवं ते सोनं. त्यांना ना लॅडर वाचता येतं, ना टेक्स्ट, म्हणून त्यांचं मत सगळ्यांत ठाम. लेबल लावायच्या लाइनचं काम त्यांनी जावयाच्या कंपनीला दिलं. कंपनी कसली! तो, त्याचा लॅपटॉप आणि माझी लेक. तिने बरी चाललेली नोकरी सोडून जेवणाच्या टेबलावर त्याची ड्रॉइंग्ज काढायला घेतली होती. हे त्यांचं पहिलंच काम. अट एकच, लाइन चार तास न थांबता चालली पाहिजे. थांबली तर काम दुसऱ्याला.

चाचणीच्या दिवशी चाळीस मिनिटं बाटल्या झरझर गेल्या. मग लेबलचा रोल संपला आणि पट्टा जागच्या जागी थांबला.

मला काय उकळ्या फुटल्या म्हणून सांगू! सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "काय जावईबापू, निबंधात स्वल्पविराम राहिला वाटतं?"

फिटर हसले. साहेबही हसले. जावई खाली बसला, लॅपटॉप जोडला आणि पट्ट्याच्या मोटरला हुकूम कुठून कुठून जातो त्याची यादी काढली. मी त्याच्या मागेच उभा होतो. यादीत दोन जागा होत्या. एक त्याच्या टेक्स्टमधली. दुसरी अगदी शेवटी, लॅडरमधली एक पायरी.

ती माझी होती. आदल्या दिवशी दुपारी तो जेवायला गेला होता, लॅपटॉप उघडाच होता. म्हटलं, निदान मोटर तरी आपल्याला वाचता येईल अशी लिहावी. हात सवयीने चालला. जुन्या मशीनवर रोल संपला की पट्टा थांबायचा आणि माणूस नवा रोल लावायचा, तेच मी लिहून ठेवलं. नव्या मशीनवर दुसरा रोल आपोआप जोडला जातो, थांबायचं कारणच नाही. आणि एकाच मोटरला दोन ठिकाणांहून हुकूम दिला की ती शेवटचा ऐकते. ही चूक केली म्हणून मी आजवर कितीजणांना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं असेल!

जावयाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग लॅपटॉप मिटला.

"कोणाची चूक?" साहेबांनी विचारलं.

"माझीच. जुनी एक ओळ काढायची राहिली."

मला वाटलं, जमीन दुभंगावी. "थांबा साहेब," मी म्हणालो. "ती ओळ मी घातलीय. काल. ह्यांना माहीतही नव्हतं."

साहेब हसायला लागले. "तुम्ही? तीस वर्षं हेच काम केलेला माणूस एका मोटरला दोन हुकूम देणार? आत्ता तर त्याची खिल्ली उडवत होतात."

"लॅपटॉप उघडून बघा ना! लॅडर आहे ते. हा माणूस लॅडरला हात लावत नाही!"

"अहो, जावयासाठी जीव तुटतो, समजतं मला. पण घरचं घरी." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि फॉर्मवर 'नापास' लिहिलं. मी फिटरांकडे पाहिलं, तर ते माझ्याकडे मोठ्या कौतुकाने बघत होते. सासरा असावा तर असा!

जावई वायर गुंडाळत होता. "बाबा, राहू द्या," तो हळूच म्हणाला. त्याने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी त्याच्याबरोबरच त्यांच्या घरी गेलो. लेकीने दार उघडलं, आमचे चेहरे पाहिले आणि काय ते समजली.

"माझ्यामुळे गेलं," मी म्हणालो. "त्याच्या कामात मी न विचारता हात घातला."

तिने एक प्रश्नही विचारला नाही. लगेच विश्वास ठेवला.