लांडगे कोणत्या कोलमानचे?

संत कोलमानच्या उत्सवाच्या आदल्या दिवशी, सूर्य मावळता मावळता, लासर नावाची विधवा बगलेत तिपाई मारून द्रुमदाराच्या मठात आली, देवळाच्या दाराशी तिपाई टेकवली आणि उपाशी बसली.

मठाचा कारभारी फिअखना तेव्हा डुक्कर किती वेळ भाजायचं यावर आचाऱ्याशी हुज्जत घालत होता. बातमी ऐकली आणि त्याने कपाळावर हात मारला. बाईबद्दल त्याला वाईट वाटलं नव्हतं, वाईट वाटलं होतं ते डुकराबद्दल.

कारण कायदा स्पष्ट होता. मोठ्या माणसाकडून न्याय मिळत नसेल तर लहान माणसाने त्याच्या दारात उपाशी बसायचं. ती व्यक्ती उपाशी असेपर्यंत घरातल्या कोणी घास तोंडात घातला, की त्या घराची अब्रू गेली. पुढे त्या घराची साक्ष कोर्टात कुत्रंही ऐकणार नाही. राजासमोर असं बसता येई, तसं संतासमोरही येई. संताला मरून तीन पिढ्या झाल्या म्हणून काय झालं? त्याचं घर जागेवर होतं, दुभत्या गायी होत्या, लोण्याची कोठी होती. संत स्वतः काही खात नाही, तेव्हा त्याच्या वतीने उपास काढायचा तो मठाने.

"काय मागणं आहे, लासरमावशी?" फिअखना गोड आवाजात म्हणाला.

"माझी ठिपकी."

"कोण ठिपकी?"

"गाय. वसंतात लांडग्यांनी फाडली. कोलमानने वचन दिलंय, त्याला लोणी देणाऱ्याच्या गुरांना लांडगा शिवणार नाही. मी दर उन्हाळ्यात लोण्याचा हंडा आणून घालते. लोणी त्याने घेतलं, गाय लांडग्याने घेतली. आता गाय द्या, मी उठते."

"तुम्ही त्याची प्रार्थना केली होती ना नीट?"

"लोणी घेताना कधी विचारलं नाहीत, कारभारी, नीट मळलंय का म्हणून."

फिअखनाने त्या रात्रीचं जेवण सोडलं. सकाळी त्याने धुरी दिलेल्या मांसाच्या खोलीकडे सहज म्हणून एक फेरी मारली, तर त्याची बायको रोनात दाराला पाठ लावून उभी.

"फक्त वास घेतो," तो म्हणाला.

"वास बाहेरही येतो. दारात म्हातारी उपाशी बसलीये आणि तुम्ही इथे! माझ्या बापाच्या घरात असं कोणी केलं असतं तर..."

"तुझ्या बापाच्या घरात खायलाच काय होतं?"

"अब्रू होती," रोनात म्हणाली आणि कडी आणखी घट्ट केली.

उपाशी माणसाचं डोकं कधी कधी भलतंच चालतं. पायरीवर बसल्या बसल्या फिअखनाला आठवलं आणि तो ताडकन उठला. लांडग्यांचं वचन आपल्या कोलमानचं नव्हेच!

त्या मुलखात कोलमान नावाचे संत पैशाला पासरी होते. टेकडीचा कोलमान, बेटाचा कोलमान, लंगडा कोलमान, थोरला, धाकटा, आणि ज्याची कोणाला धड माहिती नाही असा आणखी एक. गावाचं नाव लावल्याशिवाय प्रार्थनासुद्धा योग्य पत्त्यावर पोचत नसे. त्यात भाविक लाडाने 'माझा कोलमू' म्हणत, म्हणजे सगळाच आनंद. द्रुमदाराचा कोलमान दातदुखी आणि नायटा बघायचा. लांडगे होते ओढ्यापलीकडच्या किलरोसच्या कोलमानकडे. तिथला कारभारी होता केर्नाख, रोनातचा सख्खा भाऊ.

फिअखना जवळजवळ नाचतच दाराशी गेला. पण तिथे पोचेपर्यंत त्याच्या डोक्याने पुढचा हिशेब मांडला आणि तो थबकला. बाई चुकीच्या दारात बसली आहे म्हणावं, तर तिचं लोणीही चुकीच्या कोठीत आलं होतं. आणि तिचं एकटीचं थोडंच? वरच्या खोऱ्यातली निम्मी घरं लांडग्यांच्या भीतीने हंडे आणून घालत होती. दातदुखीसाठी कोण लोणी देतं? दात पाडला की दुखणं संपलं, भक्तीही संपली. लांडगा मात्र दर वर्षी येतो. 'लांडगे आमचे नव्हेत' हे एक वाक्य तोंडातून निघालं की निम्मी कोठी ओढ्यापलीकडे जाणार.

तो मठाधिपती एधआबांकडे गेला. आबा ऐंशीच्या घरातले, अंथरुणावर पडून होते. उपास त्यांना सोसत होता, कारण ते एरवीही जेमतेम दोन चमचे ताक प्यायचे.

"आबा, आपल्या कोलमानने लांडग्यांबद्दल काही वचन दिलं होतं का?"

"मला काय विचारतोस? मी एवढाही म्हातारा नाही."

"पण पोथीत?"

"पोथीत त्याने एका बगळ्याला शिव्या दिल्यात, तेवढं आठवतंय. डुक्कर झालं का रे?"

"झालं, आबा. पण खाता येत नाही."

"मग त्या बाईला गाय देऊन टाक की."

"एकदा दिली की लांडग्यांनी फाडलेल्या प्रत्येक गायीला आपण जबाबदार!"

"मग देऊ नकोस," आबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुपारी पाहुणे जमू लागले. प्रत्येक जण हसत यायचा, दाराशी लासर दिसली की हसू गिळायचा आणि अंगणात निमूट बसायचा. एका पाटीवर जवाच्या भाकऱ्या, दुसरीवर कांद्याच्या पातीचं दही, मधोमध तुपकट चमकणारं डुक्कर. आणि भोवती साठेक माणसं मयतीला बसावं तशी. लहान मुलं तेवढी रडत होती. मोठ्यांना तेही करता येईना.

तेवढ्यात केर्नाख आला. यायचा तो नेहमी डुक्कर कापून झाल्यावर, आज मात्र वेळेआधीच. गाल बसलेले, पट्ट्याला नवं भोक पाडलेलं.

"काय दाजी, उत्सव की श्राद्ध?"

"बसा केर्नाखराव. थोडी अडचण आहे."

केर्नाखने लासरला विचारलं, तिने तिपाईवरून न हलता सगळं सांगितलं. केर्नाख मोठ्याने हसला, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा.

"अहो मावशी, कुठे बसलात! लांडगे तर आमच्या कोलमानचे. दाजींचा कोलमान नायटेवाला. लांडगा पुढे आला तर हा त्याच्या अंगावरचा नायटा बरा करेल आणि सोडून देईल!"

अंगणात खसखस पिकली. उपाशी माणसांना हसायला निमित्त लागत नाही. पण वरच्या खोऱ्यातले लोक हसले नाहीत, ते एकमेकांकडे बघू लागले. फिअखनाने ते बघणं बघितलं. त्याला त्यात हंडे दिसले, एकामागून एक ओढा ओलांडणारे.

"तोंड सांभाळा," तो म्हणाला.

"सांभाळतो की. तुम्ही फक्त चारचौघांत सांगा, लांडगे तुमचे नाहीत. मावशी, चला माझ्याबरोबर. पुढच्या उन्हाळ्यापासून लोणी तिकडेच आणा. वाट पण सपाट आहे, गुडघ्यांना बरं."

लासरने गुडघ्यांवरून हात फिरवला. विचार करते आहे असं वाटलं.

"कोण म्हणतं लांडगे आमचे नाहीत?" फिअखना ओरडला. रोनात स्वयंपाकघराच्या दारातून मान हलवून 'नको, नको' म्हणत होती; भावाला ती लहानपणापासून ओळखत होती. पण फिअखना आता कोणाचं ऐकणार? "लांडगे आमच्याच कोलमानचे! पहिल्यापासून! तुमच्या कोलमानला लांडगा आणि मेंढी यांतलं काय कळतं?"

"सगळ्या लांडग्यांचं म्हणताय, की फक्त या खोऱ्यातल्या?"

"सगळ्या! ओढ्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्याही!"

"शपथेवर?"

फिअखनाने संताची घंटा मागवली, तिच्यावर हात ठेवला आणि साठ भुकेल्या साक्षीदारांसमोर शपथ घेतली. लगेच स्वतःच्या गोठ्यातली दुसऱ्या वेताची लाल गाय आणवून लासरच्या हातात दावं दिलं. लासरने गाईची कास चाचपली, दात बघितले, शेपटी उचलून बघितली आणि मगच तिपाई उचलली.

"उठले," ती म्हणाली.

अंगणाने असा श्वास सोडला की पाटीवरच्या भाकऱ्या उडाव्यात. सुऱ्या निघाल्या. पण सगळ्यांच्या आधी डुकराच्या मांडीला भिडला तो केर्नाख. तो चावत नव्हता, गिळत होता.

"जरा दमाने, केर्नाखराव," फिअखना विजयी आवाजात म्हणाला. "घरी जेवायला घालत नाहीत वाटतं?"

"परवापासून अन्न नाही, दाजी." केर्नाखने बोटं चाटली. "माझ्या दारात दोन विधवा आणि एक मेंढपाळ उपाशी बसलेत. लांडग्यांचंच प्रकरण. मेंढपाळाचं तर मेंढ्यांचं अख्खं खांड गेलंय. काय करावं कळत नव्हतं. पण आता लांडगे तुमचे म्हटल्यावर त्यांचं मागणंही तुमच्याकडे आलं, आणि मी जेवायला मोकळा. माणूस पाठवलाय मघाशीच, त्यांना इकडची वाट दाखवायला."

फिअखनाच्या हातातला तुकडा तोंडाच्या अलीकडे थांबला. त्याने साक्षीदारांकडे बघितलं. साठही जण भरल्या तोंडाने त्याच्याकडे बघून माना डोलवत होते: हो, ऐकलंय, शपथ ऐकलीये.

लासर लाल गाय घेऊन निघाली होती. फाटकापाशी ती थांबली, ओढ्याकडच्या वाटेवर डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि मागे वळून आपुलकीने हाक दिली.

"कारभारी, विचार काय करताय? खाऊन घ्या लवकर. मेंढपाळ भरभर चालतोय."