भाऊजींना दिलेली सायकल

समुद्राला लागून जाणाऱ्या रस्त्यावर पंप्याचं सायकलचं दुकान होतं. लहानपणी वडिलांच्या दुकानात तो गिऱ्हाइकांच्या चाकांत हवा भरायचा आणि भरता भरता तोंडानेही भरपूर हवा सोडायचा, म्हणून ताईने त्याला हे नाव ठेवलं होतं. आता पन्नाशी उलटली, डोक्यावरच्या केसांनी रजा घेतली, पण नाव काही हललं नाही. गिऱ्हाइकं तेवढी मान राखून पंप्याशेठ म्हणत.

त्या वर्षी त्याने हौसेने क्रूझर सायकली मागवल्या. जाड टायर, ऐसपैस सीट, मागे वळलेलं लांब हँडल. गिअर नाहीत, हाताचा ब्रेक नाही. थांबायचं असेल तर पॅडल उलटं मारायचं. किनाऱ्यावर राहणाऱ्या लोकांना त्या बघताक्षणी आवडल्या आणि भराभर खपल्या. एक पोपटी तेवढी मागे राहिली. दारात उभी राहून राहून एका बाजूने तिचा रंग उडायला लागला होता. शटर ओढताना रोज तिला उचलून आत घ्यावं लागे आणि रोज पंप्या तिला मनातल्या मनात दोन शिव्या हासडी, कारण गाडी म्हशीसारखी जड होती.

अशात एका सकाळी भाऊजी दुकानात आले. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. जन्मभर टपालखात्यात उभं राहून पत्रं निवडली, त्यात पाठ धरली ती धरलीच. नुकतेच निवृत्त झाले होते.

"डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पण पाठीत वाकून नको," भाऊजी म्हणाले. "मला त्यातलं काही कळत नाही. ताई म्हणाली, पंप्याकडे जा, तो देईल ती घेऊन या."

पंप्याची नजर आपोआप पोपटी गाडीकडे गेली.

"मग ही बघा. तुमच्यासाठीच थांबल्यासारखी आहे." त्याने सीटवर थाप मारली. "हिच्यावर माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसतो. पाठीला त्रास नाही, मनगटावर भार नाही. टायर जाड, त्यामुळे खड्डे अंगात शिरत नाहीत. भुसभुशीत वाळूतही लवकर रुतत नाही. चेनला झाकण आहे, पँट काळी होणार नाही. गिअर नाहीत, म्हणजे बिघडायला काही नाही."

यातला शब्द न् शब्द खरा होता. पुढे कितीतरी दिवस पंप्या स्वतःला हेच बजावत राहिला.

भाऊजींनी सीटवर बसून बघितलं. त्यांची पाठ खरंच सरळ राहिली, चेहऱ्यावर हसू आलं. मग त्यांनी सहज विचारलं, "आणि आमच्या चढावर कशी काय?"

ताईचं घर टेकडीच्या माथ्यावर होतं. खालच्या रस्त्यापासून थेट त्यांच्या फाटकापर्यंत सगळा चढ. मध्ये दोन वळणं, तीही अवघड. पंप्या तिथे स्कूटरवरून जायचा तेव्हा स्कूटरसुद्धा धापा टाकायची. गिअर नसलेली जड सायकल तिथे चढवणं साठी ओलांडलेल्या माणसाचं काम नव्हतं. आणि उतारावर मागच्या चाकातल्या एकट्या ब्रेकवर भिस्त ठेवणं तर त्याहून वाईट. पुढच्या चाकाला निदान एक हातब्रेक बसवायला हवा होता. पण तसं म्हटलं असतं तर भाऊजींनी विचारलं असतं, मग ही गाडी आम्हाला कशाला? आणि पोपटी गाडी पुन्हा दारात उभी राहिली असती.

"सवय झाली की काही वाटत नाही," पंप्या म्हणाला. "पायांना व्यायामच होईल."

"तू म्हणतोस तर मग झालं," भाऊजी म्हणाले.

दुपारी बायकोने दारातली रिकामी जागा बघितली. "गेली का ती? कोणाच्या गळ्यात मारलीत?"

"गळ्यात काय मारायची. भाऊजी घेऊन गेले."

बायकोने जेवणाचा डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "अहो, ते टेकडीवर राहतात ना?" पंप्याने ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायला घेतले आणि ऐकू आलं नाही असं दाखवलं.

काही दिवसांनी कोणाची तरी दुरुस्त केलेली सायकल स्कूटरच्या मागे बांधून पोचवायला तो टेकडीकडे निघाला होता. पहिल्या वळणाच्या अलीकडेच त्याला भाऊजी दिसले. ते सायकल ढकलत होते. शर्ट पाठीला चिकटला होता. चार पावलं ढकलायचं, हँडलवर ओणवं होऊन श्वास घ्यायचा, परत ढकलायचं. ज्या पाठीसाठी सायकल घेतली तीच पाठ कमानीसारखी वाकली होती. इतक्यात वरून त्यांचे एक शेजारी चालत खाली आले. त्यांना बघताच भाऊजी चटकन ताठ झाले, सायकल कठड्याला टेकवली आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहिले, जणू देखावा बघायलाच थांबले होते.

"काय, नवी गाडी?" शेजाऱ्याने विचारलं.

"हो. मेहुण्याने खास निवडून दिली. बसायला एकदम आरामशीर."

पंप्याने स्कूटर तिथल्या तिथे वळवली. त्या गिऱ्हाइकाला त्याने फोनवर सांगितलं, गाडीचं काम अजून राहिलंय, उद्या आणून देतो. दुकानात परत येऊन तो बराच वेळ नुसताच स्टुलावर बसून राहिला. कान तापले होते. आता तरी जावं, सांगावं, गाडी बदलून द्यावी, असं दहादा मनात आलं. पण काय सांगणार? ही गाडी तुमच्या कामाची नाही हे मला आज कळलं? आज कुठे कळलं होतं?

मग त्याने तेच केलं जे अशा वेळी माणसं करतात. टेकडीकडे जाणं कमी केलं.

पण ताईने जेवायला बोलावलं तेव्हा टाळता येईना. भाऊजींचे जुने सहकारी आले होते. सायकल व्हरांड्यात धुऊनपुसून उभी होती, आणि खाऱ्या हवेने हँडलवर गंजाचे ठिपके उमटले होते तिथे भाऊजींनी तेल चोळलं होतं. सहकाऱ्यांपैकी एकाला सायकल फार आवडली.

"मलाही अशीच घ्यायची आहे," तो म्हणाला. "काय हो शेठ, दोष काही नाही ना हिच्यात?"

पंप्याने हातातला घास ताटात परत ठेवला. "तुमचं घर कुठे?"

"बाजाराच्या मागे. सगळं सपाट."

"मग घ्या. सपाटीला उत्तम आहे." हे बोलून झालं आणि आपण काय बोललो ते त्याला कळलं. त्याने भाऊजींकडे बघितलं. भाऊजी शांतपणे पाणी पीत होते. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि ताईला म्हणाले, "पंप्याला वाढ. काहीच खाल्लं नाही त्याने."

ताईने वाढता वाढता पाहुण्यांना सांगितलं, "आमचा पंप्या म्हणजे तोंडाचा फुगा, पण मनात पाप नाही हो." पंप्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

पावसाळा ओसरल्यावर एका दुपारी ताईचा फोन आला. भाऊजी उतारावर पडले होते, त्यांना इस्पितळात नेलं होतं.

पंप्या पोचला तेव्हा भाऊजी खाटेवर अर्धवट बसले होते. खांद्याचं हाड मोडलं होतं, हात गळ्यात बांधला होता, गालाची एक बाजू सोलवटून निघाली होती. ताई उशाशी होती. काय झालं ते भाऊजींनीच सांगितलं. दुसऱ्या वळणाच्या खाली उतार सगळ्यात तीव्र आहे, तिथे चेन निसटली. त्या गाडीचा ब्रेक चेनवरच चालतो. चेन गेली तशी पॅडलं मोकळी फिरायला लागली आणि ब्रेक उरलाच नाही. समोरून शाळेची मुलं रांगेने येत होती. भाऊजींनी पाय जमिनीला घासले, काही होईना, तेव्हा त्यांनी हँडल वळवून गाडी एका बांधकामाच्या भिंतीवर घातली.

"माझीच चूक," ते ताईला म्हणाले. "चेन सैल झाल्यासारखी वाटत होती. पंप्याला दाखवू, दाखवू म्हणत राहिलो आणि आळस केला."

"तरी मी म्हणत होते, एकदा दाखवून आणा म्हणून," ताई म्हणाली आणि पंप्याकडे वळली. "बघ ना. तू इतकी चांगली गाडी दिलीस, आणि यांनी अशी दशा केली."

पंप्या खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याला ती मुलांची रांग दिसत होती. तो काही तरी बोलायला गेला, पण तोंडातून नुसती हवा निघाली.

ताई औषधं आणायला खाली गेली. खोलीत दोघंच उरले.

"भाऊजी," पंप्या म्हणाला, "ती गाडी तुमच्या रस्त्यासाठी नव्हती."

भाऊजींनी गळ्यातली पट्टी सारखी केली.

"मला ठाऊक होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाही ठाऊक होतं. ती विकली जात नव्हती, म्हणून तुम्हाला दिली. निदान हातब्रेक तरी बसवायला हवा होता, तोही बसवला नाही. ब्रेकचं नाव काढलं असतं तर तुम्ही गाडी घेतली नसतीत." आवाज फुटू नये म्हणून तो खिडकीकडे बघून बोलत होता. "ती मुलं... काही झालं असतं तर..."

"मला माहीत होतं," भाऊजी म्हणाले.

पंप्याने मान वळवली.

"वर एक दुरुस्तीवाला आहे. पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडे पंक्चर काढायला गेलो होतो. तो म्हणाला, ही समुद्रावर फिरवायची गाडी, तुम्हाला इथे कोणी दिली? मी म्हटलं, बाहेरगावाहून आणली."

"मग मला बोलला का नाहीत? शिव्या द्यायच्या होत्या. गाडी दुकानात आणून टाकायची होती."

भाऊजींनी खाटेवर थोडं सरकून बघितलं, कळ आली तसे थांबले. "तू सांगशील म्हणून वाट बघत होतो," ते म्हणाले. "घरी जेवायला आलास तेव्हा वाटलं, आज सांगेल. जिभेवर आलंही होतं तुझ्या."

पंप्या मटकन स्टुलावर बसला. भाऊजी रागावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. थकवा होता, आणि थोडी लाज. ती लाज कोणाची, हे कळायला पंप्याला वेळ लागला नाही. इतके दिवस त्याच्या वाट्याची लाज हा माणूस चढावर ढकलत नेत होता.

"ताईला मी आत्ताच सांगतो," तो म्हणाला.

"नको."

"का नको?"

"सांगून तुझं मन हलकं होईल, आणि तिचं जड. भाऊ म्हणून तिला तू एकटाच आहेस." त्यांनी डोळे मिटले. "राहू दे तुझ्याजवळच."

ताई औषधं घेऊन आली. पंप्याचे डोळे बघून तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "इतकं मनाला लावून घेऊ नकोस रे. तुझा काय दोष त्यात?" त्या हाताखाली पंप्या आक्रसून गेला. भाऊजींचे डोळे मिटलेलेच होते.

खांदा भरून यायला बरेच महिने गेले. दरम्यान पंप्याने पोपटी सायकल दुकानात आणली. वाकलेलं पुढचं चाक बदललं, नवी चेन घातली, पुढे चांगला हातब्रेक बसवला. टेकडीवर चालेल अशी गिअरची हलकी गाडी, उंच हँडल लावून, मी देतो, असं तो दोनदा म्हणाला. भाऊजींनी दोन्ही वेळा नको म्हटलं. चढावर आता सायकल नको, ते म्हणाले. पण पोपटी गाडी त्यांना आवडत होती. ती खालीच दुकानात ठेवायची, आपण बसने उतरायचं आणि समुद्राकाठच्या सपाट रस्त्यावर फिरून पुन्हा बसने वर जायचं, असं त्यांनीच ठरवलं.

आणि तिथे ती गाडी खरंच सुरेख चालते. भाऊजी ताठ बसून संथपणे पॅडल मारत जातात, वारा समोरून असला तर जरा रखडतात, पाठून असला तर पाय सोडून देतात. ओळखीचे लोक दिसले की हँडलवरची घंटी वाजवतात. डॉक्टर म्हणाले, पाठ सुधारली. ताई भेटेल त्याला सांगते की पंप्याने अपघातानंतर गाडी स्वतःच्या हाताने नवी करून दिली, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. पंप्या त्या वेळी काही तरी काम काढून आत जातो.

रोज सकाळी भाऊजी येतात तेव्हा गाडी पुसून दारात तयार असते. पंप्या ती बाहेर काढून त्यांच्या हातात देतो. बोलणं नेहमीचंच: हवा कशी आहे, ताई काय म्हणते. मग भाऊजी गुडघ्यावर हात टेकून सावकाश खाली वाकतात. झाकणाच्या खालच्या फटीतून बोट घालतात आणि चेन वर-खाली हलवून बघतात, सैल तर नाही ना. त्यात टोमणा नसतो, दाखवणं नसतं. अपघातानंतर लागलेली ती एक सवय आहे.

तेवढा वेळ पंप्या रस्त्याकडे बघत उभा राहतो.

"येतो रे," भाऊजी म्हणतात, बोट रुमालाला पुसतात आणि निघतात.