नावाच्या जागी वारा

कोर्टाने नावावर मनाई आणली त्याच्या दुसऱ्या सकाळी आमच्या ह्यांच्या छातीतून पलीकडची भिंत दिसू लागली.

मी तुळशीला पाणी घालून आत आले तेव्हा हे पाटावर बसून चहा पीत होते. बनियनच्या मधोमध एक आडवी खिडकी होती, जर्सीवर नाव छापतात तेवढी. तिच्यातून मागच्या फळीवरची लोणच्याची बरणी आणि तिचं फडकं स्पष्ट दिसत होतं. रक्त नव्हतं. कडा दुमडून शिवल्यासारख्या नीट होत्या. चहा खाली उतरताना दिसला नाही. तो कडेकडेने जात असावा.

"अहो," मी म्हटलं, "हे काय?"

"वारं लागतंय जरा," हे म्हणाले. "शाल दे."

मी शाल दिली. मग देवापुढे दिवा लावला, कारण दिव्याची वेळ झाली होती. वात पहिल्याच काडीला लागली.

नाव म्हणजे ह्यांचंच. आमची पिठाची गिरणी आहे. तरुणपणी हे नागोबा तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते. पुढे एका हंगामात पोरांकडे धड कपडे नव्हते, तेव्हा ह्यांनी सगळ्यांना जर्सी शिवून दिल्या आणि तालमीने न विचारता छातीवर ह्यांचं नाव छापलं. तेव्हापासून ते तसंच चालत आलं. कोल्हापुरात आमच्या पेठेतलं मूल आधी नागोबाला हात जोडायला शिकतं आणि मग ते नाव वाचायला. ती जाहिरात आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

यंदा लीगला मोठा प्रायोजक मिळाला, शुभ्रकण आटा. पाकिटातलं पीठ. त्याबरोबर नियम आला की प्रायोजकाचाच धंदा करणाऱ्या दुसऱ्या कुणाचं नाव कुठल्याही संघाच्या छातीवर चालणार नाही. तालीम कोर्टात गेली. गिरणीचा परवाना माझ्या नावावर, म्हणून साक्षीला मला बोलावलं.

"जर्सीवर नाव कुणाचं?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"ह्यांचं."

"हे म्हणजे कोण?"

"घरचे."

"नाव सांगा, बाई."

मी खाली बघितलं. लग्नात उखाण्याचा आग्रह झाला तेव्हाही मी पहिली ओळ म्हटली होती आणि नावाच्या जागी असंच खाली बघितलं होतं. माप ओलांडल्यावर सासूबाईंनी हातात हळकुंड ठेवून माझ्याकडून शब्द घेतला होता. नवऱ्याचं नाव बायकोच्या ओठावर आलं की त्याच्या आयुष्याला भोक पडतं, असं त्या म्हणाल्या होत्या. सोमवार, चतुर्थी, तुळशीला पाणी घालेपर्यंतचं मौन, सगळी व्रतं मी पाळते. पण हे व्रत मला पाळावं लागत नाही. ते श्वासासारखं आपोआप होतं.

लीगचे वकील उठले. "जे नाव पत्नीलाही घेता येत नाही," ते म्हणाले, "ते माणसाचं नाव नव्हे. ती नुसती धंद्याची खूण आहे." साहेबांनी मान हलवली. पुढचा निकाल लागेपर्यंत नाव वापरायला मनाई झाली. दुसऱ्या सकाळी ह्यांच्या छातीत खिडकी.

हे शाल पांघरून गिरणीवर गेले. दळणं थांबत नाहीत. थोड्या वेळाने गिरणीसमोरच्या कट्ट्यावर माणसं जमली, तशी ती रोजच जमतात. गजाबर तात्या दळणाचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. प्रत्येक सामन्याला नागोबाचा झेंडा तेच नाचवतात. शेजारी जोशिलकरांचा धैर्यशील होता. तो वकिलीच्या कॉलेजात शिकतो आणि आपल्याच संघाच्या विरुद्ध बोलायला त्याला आवडतं.

"जाहिरात?" तात्या म्हणाले. "आरं जाहिरात अशी असते व्हय? गिरणीचा पत्ता न्हाई, फोन न्हाई. नुसतं नाव!"

"तात्या, तुम्ही दळण कुठं आणता?"

"हितंच."

"का?"

"मागल्या गल्लीतली गिरणी जाडं दळती म्हणून! जर्सी बघून दळण आणायला मी काय खुळा हाय?"

कट्टा हसला. धैर्यशील हसला नाही. "शुभ्रकणनं पैसा टाकला म्हणून यंदा मैदानात गवत आहे, डॉक्टर आहे, पोरांना प्यायला स्वच्छ पाणी आहे. त्यांनी टाकायचं आणि छातीवर मिरवायचं दुसऱ्यानं? हे बरोबर आहे का?"

"गवत हिरवं केलं म्हणून गोलकीपरची छाती पोकळ करायची व्हय रं?"

सगळ्यांनी गिरणीच्या दाराकडे बघितलं. ह्यांची शाल खांद्यावरून घसरली होती. खिडकीतून मागचा पट्टा फिरताना दिसत होता. मग तात्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मी मनाई मानत न्हाई. हे बघा घेतो नाव." त्यांनी तोंड उघडलं आणि तोंडातून पीठ सांडलं.

बारीक, पांढरं पीठ. ते हनुवटीवरून शर्टावर आलं. तात्यांनी जीभ फिरवली.

"ज्वारीचं हाय," ते म्हणाले.

धैर्यशीलने प्रयत्न केला, त्याच्या तोंडातून गव्हाचं आलं. एकामागून एक सगळ्यांनी करून बघितलं. कट्टा पांढरा झाला. मी वर बघितलं तर गिरणीच्या पाटीवर नुसता निळा रंग होता. हे बाहेर आले, ओठ हलवले, थांबले. पीठसुद्धा आलं नाही. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "अगं, माझं ते काय आहे?"

मी त्यांची घसरलेली शाल खांद्यावर ओढली.

"तुला ठाऊक आहे ना?"

मी मान हलवली. मला ठाऊक होतं. ट्रंकेच्या तळाशी घडी न मोडलेलं लुगडं असतं तसं ते माझ्यात होतं.

संध्याकाळी तालमीच्या वकील शिंत्रेबाई आल्या. चपला बाहेर काढून त्या देवघरासमोर बसल्या आणि काळ्या कोटावरचं पीठ झटकलं.

"वैनी, मनाई वापरलेल्या नावावर आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी वापरलंय. तुम्ही एकदाही नाही. तुमच्या तोंडचं तेवढं एकच शिल्लक आहे. ते सगळ्यांसमोर म्हणायचं, रविवारचा अंतिम सामना संपायच्या आत."

"नाही म्हटलं तर?"

"रिकामी जागा प्रायोजकाकडे जाते."

"आणि म्हटलं तर?"

"म्हटल्यावर काय होतं ते मला माहीत नाही. तुमच्या सासूबाईंना माहीत असेल."

सासूबाई फोटोत होत्या. फोटोतही त्यांचे ओठ मिटलेले होते.

दुसऱ्या दिवसापासून मैदान आमच्या घराकडे येऊ लागलं. प्रथम गल्लीच्या तोंडाशी पांढरी रेघ दिसली. मग ती म्हसोबाच्या पाराला वळसा घालून आमच्या उंबऱ्यापर्यंत आली. मी सकाळी तिच्याशेजारी रांगोळी काढली आणि दुपारी बघते तर रेघ आत शिरून चूल आणि देवघर यांच्यामधून गेली होती. चुन्याच्या फक्कीची नव्हती, पिठाची होती. मी ती ओलांडताना पदर सावरायची. भाकरी थापताना पाठीमागे माणसं बसायला लागली. माजघराच्या भिंतींना पायऱ्या फुटल्या होत्या आणि त्यांवर आमच्या आणि सामन्यातल्या पलीकडच्या, अशा दोन्ही पेठांचे लोक शेंगा खात वाद घालत होते.

"करार म्हंजे करार, भावा."

"मग माणूस म्हंजे काय?"

"ते करारात बघाय पायजे."

मी त्यांना चहा दिला. आल्या माणसाला चहा द्यायचा, हाही माझा नेम आहे.

सामन्याच्या आदल्या दिवशी लीगचा माणूस आला. फार सभ्य होता. दारातूनच त्याने देवाला नमस्कार केला. खिशातून टेप काढून म्हणाला, "काका, हात वर करा." त्याने खिडकीची लांबी मोजली, रुंदी मोजली.

"दुखतंय का?"

"वारं लागतंय," हे म्हणाले.

"आता लागणार नाही." त्याने पिशवीतून एक पट्टी काढली. पांढरं चकचकीत कापड, त्यावर सोनेरी अक्षरांत शुभ्रकण. माप बघायला त्याने ती ह्यांच्या छातीवर धरली. ती बरोब्बर बसली. कडा कडांना चिकटल्या.

ह्यांनी मान वर केली. डोळे माझ्यावरून पुढे, जणू माझ्यामागे पुष्कळ लोक उभे होते तिकडे गेले.

"प्रत्येक पोळी मऊ," हे हसून म्हणाले. "प्रत्येक घरी."

असा आवाज मी ह्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. इतकं हसलेलंही पाहिलं नव्हतं. माझ्या हातातली कपबशी खाली पडली आणि फुटली. पायऱ्यांवर तात्यांच्या हातात शेंग तशीच राहिली.

त्या माणसाने पट्टी काढली. "नुसतं माप घेतलं," तो म्हणाला. "उद्या शिवू. वैनी, रागावू नका. रिकामी जागा ठेवता येत नाही."

हे कपबशीच्या तुकड्यांकडे बघत होते. "अगं, कुणी फोडली?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "शाल दे."

रविवारी मैदान पोचलं. गोलचे खांब गिरणीच्या दाराच्या दोन्ही अंगांना उभे होते. आमच्या गोलकीपर पोराला पंचांनी बाहेर काढलं. ज्याचं दार त्यानेच ते राखायचं, असा नियम त्या सकाळी निघाला होता. हे शाल काढून दारात उभे राहिले. गुडघे पूर्वीसारखे वाकत नव्हते, पण हात पूर्वीसारखेच पसरले. मी आत दिवा लावून आले होते. ह्यांच्या छातीतून तो दिवा दिसत होता. खिडकीतून वारा आत गेला की ज्योत आडवी व्हायची.

सामना बरोबरीत होता. आता संपणार असं सगळे म्हणत असताना पंचांनी शिट्टी वाजवली आणि तुळशीकडे बोट केलं. पेनल्टी. तुळस बरोबर त्या खुणेवर आली होती. पलीकडच्या पेठेच्या पोराने वृंदावनाला नमस्कार केला आणि त्याच्या पायथ्याशी चेंडू ठेवला. लीगचा माणूस खांबाशेजारी बसला होता. त्याने सुईत दोरा ओवला.

"वैनी," शिंत्रेबाई म्हणाल्या.

"काकी, म्हणा आता," धैर्यशील ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "नियम गेला खड्ड्यात, म्हणा!"

"आरं गप," तात्या म्हणाले. "तिच्या कुंकवाचा प्रश्न हाय." त्यांनी झेंडा खाली टेकवला. सगळ्या पायऱ्या गप्प झाल्या.

मी पदर डोक्यावर घेतला. उखाण्याशिवाय नुसतं नाव कसं घेतात ते मला येत नाही. म्हणून लग्नातली ओळ म्हटली. आवाज माझा कधीच मोठा नव्हता, पण त्या शांततेत तो शेवटच्या पायरीपर्यंत गेला.

"तुळशीपुढे दिवा लावते, वाऱ्याला घालते आण..."

दिव्याची ज्योत सरळ उभी राहिली.

पोर धावत आलं. चेंडू सुटला. तो ना डावीकडे गेला ना उजवीकडे, थेट खिडकीच्या दिशेने निघाला. ह्यांनी चेंडूकडे बघितलंच नाही. ते हात पसरून माझ्या तोंडाकडे बघत होते, शाळेत हजेरी घेताना मूल बघतं तसं.

नावाची जागा आली. या वेळी मी खाली बघितलं नाही. जिभेवर काहीतरी आलं, कोरडं आणि जड. मी तोंड उघडलं, आणि पीठ नाही, नाव बाहेर पडलं.