भोंग्याला झालेला गोल

केसरबाईला आपला नवरा हरायला हवा होता. बोलायला बरं दिसत नाही, पण खोटं कशाला बोला? सकाळी भाकऱ्या थापता थापता तिनं भीमराजला तोंडावरच सांगितलं होतं, "अहो, आज गुमान हरा. एक दिवस हरलात म्हणून आभाळ कोसळणार न्हाई."

भीमराज बुटात नाडी ओवत होता. "बघू," म्हणाला. लग्न झाल्यापासून त्या 'बघू'चा थांग केसरबाईला काही लागला नव्हता. तिनं तवा असा आपटला की शेजारची छबूबाई डोकावून गेली.

आता हरायचं कारण ऐका. भीमराज चिंचवडातल्या ज्या शाळेत शिकला, त्या शाळेचा आज रौप्यमहोत्सव होता. फुटबॉलची पहिली लाथही त्यानं तिथंच मारलेली. पुढं कंपनीत लेथवर लागला, पर्मनंट झाला आणि एक दिवस ती पर्मनंट नोकरी सोडून बसला. सगळी भावकी म्हणाली, पोराचं डोकं फिरलं. पण त्यानं पत्र्याची शेड टाकली, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांना लागणारी बुशं, म्हणजे लहान लोखंडी नळ्या, त्याच कंपनीला द्यायला लागला आणि बघता बघता आठ माणसं त्याच्या हाताखाली आली. वर शाळेच्या पोरांना फुकटात फुटबॉल शिकवायचा. ती पोरं मोठी होऊन पुण्याच्या टीमना पाणी पाजून आली. म्हणून मुख्याध्यापकांनी ठरवलं, माजी विद्यार्थी भीमराजचा सत्कार करायचा. धंद्यात नाव काढलं, खेळातही काढलं, असा दुसरा कोण आहे शाळेत?

इथवर सगळं झकास. पण सत्काराआधी मॅच ठेवली. भीमराजची माजी विद्यार्थ्यांची टीम एका बाजूला आणि समोर कोण, तर तीच कंपनी! प्रमुख पाहुणे दौलतराव. हे कंपनीचे खरेदीसाहेब, कुणाचा माल घ्यायचा ते ठरवणारे, आणि कंपनीची फुटबॉल टीम त्यांनी पोटच्या पोरासारखी वाढवलेली. बुशांचं वर्षाचं काम संपत आलं होतं. नवीन काम कुणाला, ते साहेब उद्या ठरवणार होते. भोसरीचा एक जण मिठाईचे बॉक्स घेऊन त्यांच्या घरी चकरा मारतोय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काम गेलं की शेड बंद आणि आठ घरांच्या चुली गार. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं, तेही एका चेंडूपायी? केसरबाईला हे पटत नव्हतं. तिनं सकाळपासून अन्नाला हात लावला नव्हता.

मैदान कंपनीच्या भिंतीला लागून. मांडवात खुर्चीवर दौलतराव, सफारी सूट, काळा चष्मा. केसरबाई छबूबाईला घेऊन लिंबाखाली बसली. मॅच सुरू झाली. भीमराजनंच लहानपणापासून शिकवलेला आणि आता त्याच्या शेडात काम करणारा हिंदुराव असा काही पळत होता की कंपनीवाल्यांची दमछाक झाली. 'मेल्या, जरा हळू पळ की,' केसरबाई मनातल्या मनात म्हणत होती. नशीब, हाफटाइमपर्यंत गोल काही झाला नाही.

हाफटाइमला भीमराजनं पोरं गोळा केली आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. एरवी हा माणूस ओरडला तर स्टेशनपर्यंत ऐकू जाईल. पोरं एकमेकांची तोंडं बघू लागली. हिंदुराव बुटानं माती उकरत उभा राहिला.

"झालं! चढवलं पोरांना हरभऱ्याच्या झाडावर," केसरबाई म्हणाली.

पण पुढच्या खेळात पोरं ढिली पडली. चेंडू समोरून जायचा आणि हे बघत राहायचे.

"पोरं दमल्यावानी खेळत्यात गं आज," छबूबाई म्हणाली.

"दमू दे की. माणसंच हायत," केसरबाई म्हणाली. तिला जरा बरं वाटायला लागलं होतं. आता कंपनीनं एक गोल घालावा आणि सगळ्यांनी सुखानं घरी जावं.

आणि तेवढ्यात कंपनीचा भोंगा झाला.

आज रविवार, पण त्या भागात सुट्टी गुरुवारची, म्हणून कारखाने चालू. पहिली पाळी सुटल्याचा भोंगा भिंतीपलीकडून असा उठला की लिंबावरचे कावळे उडाले. कंपनीची टीम सगळी पाळीवाली माणसं. भोंगा झाला की हात मशीनवरून काढायचा, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. सगळे आपसूक थांबले. गोलकीपरनं तर गेटाकडं वळून बघितलं. चेंडू होता हिंदुरावच्या पायाशी. त्यानं धाव घेतली आणि चेंडू सरळ जाळ्यात घातला.

"भोंगा झाला होता! आम्ही थांबलो होतो!" कंपनीवाले ओरडले.

रेफरी म्हणाला, "भोंगा कंपनीचा, शिट्टी माझी. मी वाजवली का? गोल!"

केसरबाईनं पदर तोंडावर घेतला. मॅच त्याच एका गोलावर संपली. सत्कार झाला, शाल आली, नारळ आला, टाळ्या झाल्या. तिला काही ऐकू येत नव्हतं. दौलतरावांच्या तोंडावरची रेघ हलत नव्हती. कार्यक्रम आटोपला आणि साहेब थेट या नवरा-बायकोकडंच चालत आले. आता हा माणूस चार लोकांत काय बोलतो, या भीतीनं ती भीमराजच्या पाठीमागं सरकली.

"भीमराज, उद्या ऑफिसात या," ते म्हणाले. "वर्षाचं काम तुमचंच."

केसरबाईला आधी कळलंच नाही.

"खरं सांगू? हाफटाइमनंतर तुमची पोरं ढिली पडली, तेव्हा माझं डोकं सटकलं होतं. म्हटलं, हा माणूस मला खूश करायला मॅच सोडतोय. मिठाई आणणारे माझ्याकडं पुष्कळ आहेत, त्यात आणखी एक कशाला? पण नाही, तुम्ही खेळलात. आणि हो, आमच्या पोरांनाही शिकवायला या. भोंग्याला थांबतात लेकाचे!" एवढं बोलून ते हसले आणि गाडीत बसले.

हुश्श! केसरबाईच्या छातीवरचा धोंडाच उतरला. कडकडून भूक लागली. वाटेत तिनं भेळ घेतली आणि चालता चालताच खायला लागली. हिंदुराव चेंडूची जाळी खांद्यावर टाकून मागून येत होता. भीमराज मात्र शाल काखेत मारून खाली बघत चालला होता.

"आता कशाला तोंड पाडलंय? काम मिळालं न्हवं?"

भीमराज थांबला. "केसर, साहेबाचं खरं होतं. मी हाफटाइमला पोरांना सांगितलं होतं, मॅच सोडा म्हणून. तू म्हणालीस ते दिवसभर डोक्यात घोळत होतं."

केसरबाईचा घास हातातच राहिला. म्हणजे हा माणूस तिचं ऐकून सगळं घालवणार होता! ती गर्रकन मागं वळली. "मग तू गोल का मारलास रे?"

हिंदुराव ओशाळला. "वहिनी, शप्पथ, मारणार नव्हतो. पण भोंगा झाला ना! लहानपणी सराव करताना तो भोंगा झाला की आम्ही बाप सुटला का बघायला गेटाकडं बघायचो. मग दादा पाठीत धपाटा घालून ओरडायचे, थांबायचं न्हाई, मार! इतकी वर्षं तेच. आज भोंगा झाला आणि तंगडी आपली आपण गेली."

केसरबाईला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. भीमराजही हसायला लागला, मोकळा, सकाळपासून पहिल्यांदा.

उरलेली भेळ तिनं त्याच्या हातात दिली. "घ्या, खा," ती म्हणाली. "आणि इथून पुढं माझं असलं काही ऐकलंत, तर याद राखा."