श्वास घेणारा दिवा

"घेतला! घेतला श्वास!"

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी ही आरोळी उठायची. पडदे ओढलेले, माणसं घामाघूम. पुढे चैतन्यबाबांचा संगमरवरी दिवा: एलईडीचं गोल कडं आणि त्यालाच चिकटून एक काळा ठिपका. त्याला म्हणायचं 'तिसरा डोळा'.

रोग्याला काळी घोंगडी पांघरून दिव्यासमोर वीतभरावर बसवायचे. दिवा ढिम्म जळत राहायचा. "रोग दडी मारून बसलाय," बाबा सांगायचे. सातव्या गुरुवारी घोंगडी काढून पांढऱ्या कपड्यात बसायचं. मग दिवा धाप लागल्यासारखा लुकलुकायचा. "ज्योत श्वास घेतेय! रोग ओढलाय तिनं! आता गोळ्या घेणं म्हणजे ज्योतीवर संशय!"

वा रे वा! रोग्यानं गोळीही खायची नाही आणि संशयही घ्यायचा नाही.

मी नीला, तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. एका गुरुवारी गंमत बघायला गेले, तर दिव्यासमोर आमच्या खालच्या मजल्यावरचे भाऊराव. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, टीबीच्या औषधांचा तिसरा महिना. अंगावर बुद्धपौर्णिमेला विहारात जाताना घालायचा पांढरा सदरा-लेंगा. दिवा लुकलुकला आणि त्यांची बायको कमल हुंदके देऊन रडली. मी मागच्या रांगेत हसत होते.

तीन आठवड्यांनी जिन्यात भाऊरावांना खोकल्यानं वाकलेलं पाहिलं. कमलला गाठलं. "गोळ्या चालू आहेत ना गं?"

"बंद केल्या. दिव्यानं श्वास घेतला ना, मॅडम." तिनं मान खाली घातली. "आमच्यात हे बुवाबाजीचं चालत नाही, कळतं मला. विहारात कोणाला सांगितलंही नाही. पण गोळ्यांनी ह्यांना रोज उलट्या व्हायच्या हो. बघवत नव्हतं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बाबावर आणि माझ्यावरही. कारण ती लुकलुक मी ओळखत होते. शाळेत रस्त्यावरच्या दिव्यांचं मॉडेल करताना हीच चूक मी केली होती आणि पाहुण्यांसमोर माझी पार वाट लागली होती.

पुढच्या गुरुवारी कमलला घेऊन गेले. एक लाल खुर्ची उचलली, पाठीवर पांढरा टॉवेल टाकला, दिव्यासमोर सरकवली. दिवा लुकलुकायला लागला.

"बाबा, खुर्चीचा टीबी बरा झाला वाटतं!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. "ह्या खुर्चीवर जो बसला होता, त्याचा रोग..." बाबा सावरायला लागले. मी टॉवेल काढून घोंगडी टाकली. दिवा ढिम्म. पुन्हा टॉवेल. पुन्हा लुकलुक. आता कोणी हसत नव्हतं.

"ऐका," मी म्हटलं. "हा डोळा म्हणजे उजेड मोजणारा सेन्सर आहे. अंधार दिसला की दिवा लाव, उजेड दिसला की विझव, एवढंच त्याला कळतं. तो खोलीतला उजेड मोजायला हवा, पण बसवलाय दिव्यांना खेटून. पांढरं कापड समोर आलं की दिव्यांचाच उजेड उलटून त्याच्यावर पडतो. त्याला वाटतं उजाडलं, तो दिवा विझवतो. विझला की अंधार, म्हणून पुन्हा लावतो. घोंगडी उजेड गिळते, म्हणून तेव्हा दिवा स्थिर. हा दिवा स्वतःलाच बघून फसतोय, आणि त्याच्या मागे तुम्ही!"

बाबा प्लग काढून सामान आवरू लागले. कमलनं माझा हात घट्ट धरला.

"मॅडम, म्हणजे हे बरे झालेच नाहीत?"

मी तिला बाजूला घेतलं. "नाही गं," एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाल्या, "औषध अर्ध्यात सोडलं की जंतू त्याला दाद देईनासे होऊ शकतात. थुंकी पुन्हा तपासू. जुनीच औषधं चालतील का, ते त्यावर ठरेल."

भाऊराव जमिनीकडे बघत होते. "लिफ्टच्या दरवाजाचे सेन्सर बसवण्यात माझा जन्म गेला, मॅडम," ते म्हणाले. "हा खोलून बघावा असं मनातच आलं नाही."

रिपोर्ट अजून यायचाय. काय येईल, मला माहीत नाही. तुम्हाला एवढंच सांगते: गोळी बंद करायची की नाही, हे डॉक्टरला विचारा, दिव्याला नको. आणि चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी तो खोलून बघा.